गोधडी पांघरलेला फ्रिज

मी एक जुना प्रवासी फ्रिज आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, म्हणजे पुढे तुम्ही दचकणार नाही. तुमच्या निबंधाच्या वहीत जुनी छत्री बोलते, फाटकं दप्तर बोलतं, मोडकी खुर्ची बोलते, आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होते. मला ते जमलेलं नाही. प्रयत्न करून पाहिला.

घरातल्या उभ्या फ्रिजसारखा मी नाही. मी आडवा, पेटीएवढा. खाली दोन चाकं, ओढायला दांडा, वर झाकण. सहलीला जाताना गाडीत ठेवायचा, गाडीच्या विजेवर चालवायचा, घरी आणला की भिंतीच्या प्लगला लावायचा, अशासाठी मला बनवलं. माझ्या पुढच्या अंगाला बोटभर काचेची खिडकी आहे. पोटात किती गार आहे ते तिथे आकड्यात दिसतं. मला तोंड नाही. काय सांगायचं ते त्या खिडकीतूनच. आणि दोन्ही कुशींना दोन जाळ्या आहेत. एका जाळीतून मी हवा आत घेतो, दुसरीतून बाहेर टाकतो. या जाळ्या तेवढ्या ध्यानात ठेवा.

कारण माणसांना एक साधी गोष्ट कळत नाही. त्यांना वाटतं, फ्रिज थंडी तयार करतो. मुळीच नाही. मी पोटातली उष्णता उचलतो आणि जाळीतून बाहेर टाकतो. वाशीच्या बाजारातला हमाल ट्रकमधली गोणी उचलून फलाटावर टाकतो ना, तेच माझं काम, फक्त त्याला सुट्टी असते आणि मला नसते. आता फलाटच बंद करून टाकला तर हमालाने गोणी कुठे टाकायची? ती त्याच्याच डोक्यावर बसणार. एवढंच समजलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ माझ्यावर आली नसती.

कारखान्यात माझी शेवटची परीक्षा भट्टीसारख्या गरम खोलीत झाली. बाहेर अंग भाजत होतं आणि पोटात मी बर्फ धरून दाखवला. पास झालो. अंगावर हिरवी चिठ्ठी लागली. मी फार खूश होतो, कारण तेव्हा मला माणसांची ओळख नव्हती.

वाशीच्या एका दुकानातून सुगतने मला घेतलं. सुगत रबाळ्याच्या एका कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तपासायचं काम करतो. राहायला तळोज्याला, नव्या सोसायटीत. तेव्हा त्याचं लग्न नवीन होतं आणि मित्रांबरोबर धरणाच्या काठी तंबू ठोकून राहायचं वेड होतं. पहिल्याच सहलीत त्यांनी उन्हात तापलेल्या सरबताच्या बाटल्या माझ्यात गळ्यापर्यंत कोंबल्या, वर मसाला लावलेल्या कोंबडीची पिशवी दाबली, आणि पिशवीचा बंद झाकणाच्या रबरात अडकला तो तसाच ठेवून झाकण बसवलं. मग दर थोड्या वेळाने उघडून बघायचे, गार झालं का. उघडलं की होता नव्हता तो गारवा बाहेर. गार झालं का बघायला उघडायचं, आणि उघडलं म्हणून गार होत नाही, असा तो उद्योग. अंकुश नावाचा सुगतचा मित्र म्हणाला, हा डबा काय कामाचा नाय यार.

अंधार पडल्यावर गाडीचं इंजिन बंद होतं आणि मी गाडीच्या बॅटरीवर चालत होतो. बॅटरी उतरायला लागली तसा मी स्वतःहून थांबलो. माझ्यात ती सोय आहे, मी थांबतो म्हणून सकाळी गाडी सुरू होते. सकाळी गाडी सुरू झाली. आभार कुणी मानले नाहीत. फ्रिज मध्येच बंद पडला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. आणखी एक सहल झाली आणि मी माळ्यावर गेलो. शेजारी पाळण्याच्या लाकडांचं गाठोडं होतं.

ते गाठोडं माझ्याआधी खाली उतरलं. सुगत आणि अक्षताला मुलगी झाली. तिचं नाव मैत्री.

अक्षता ऐरोलीच्या एका ऑफिसात विम्याचे दावे तपासते. तिच्या आईने तळोज्याच्याच एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभं राहून तिला शिकवलं. आपल्या लेकीला बसायला टेबल-खुर्ची असावी, ही त्या माउलीची इच्छा, आणि ते टेबल अक्षताने मिळवलं होतं. बाळंतपणाची रजा संपली आणि ती कामावर जायला लागली. बाळ दिवसभर सासूपाशी, गिरजाबाईंपाशी. अक्षता ऑफिसच्या स्टोअररूममध्ये कडी लावून पंपाने दूध काढायची, बाटलीत भरायची आणि ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवायची. थोड्याच दिवसांत ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की पँट्रीतला फ्रिज फक्त जेवणाच्या डब्यांसाठी आहे, कृपया सहकार्य करावं. नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. अक्षताने बाटली काढून पर्समध्ये ठेवली. संध्याकाळपर्यंत ते दूध गेलं.

जेवणाच्या डब्यांसाठी म्हणे. मग त्या बाटलीत काय होतं? एका माणसाचं जेवणच होतं ते, आणि त्या माणसाला दुसरं काही खाताच येत नव्हतं.

सुगतने मला माळ्यावरून काढलं, लिंबाच्या पाण्याने आतून बाहेरून पुसलं आणि अक्षताला म्हणाला की हा घेऊन जा, तुझ्या टेबलाखाली बसेल. तेव्हापासून मी नोकरीला लागलो. सकाळी गाडीतून ऐरोलीला, दिवसभर अक्षताच्या पायाशी प्लगला लागलेला, संध्याकाळी पुन्हा गाडीच्या विजेवर घरी. खिडकीत चारचा आकडा. मी तो ढळू दिला नाही. घरी आलो की गिरजाबाई झाकण उघडायच्या, बाटली गालाला लावायच्या आणि म्हणायच्या, "बरफ हाय नुसता." मग गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवून कोमट करायच्या, आणि मैत्री दोन्ही मुठी आवळून ते पिऊन टाकायची. पीत असताना तिचे पाय हलायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. धरणाच्या काठावरचं सगळं मी विसरायला तयार होतो.

आणि मग माझं कौतुक सुरू झालं. माझा घात त्या कौतुकाने केला.

गिरजाबाई मंडणगडकडच्या. हात रिकामा राहिला तर त्यांना करमत नाही. नातीसाठी त्यांनी स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी शिवली होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड, थरावर थर, जवळ जवळ टाके. त्यातले तुकडे उरले. बाळाचं दूध सांभाळणारा तो, त्याला उघडानागडा कशाला फिरवता, असं त्या म्हणाल्या. शिवाय ऑफिसात चार माणसं बघणार, आत काय आहे ते त्यांना कशाला कळायला हवं. तर त्या उरलेल्या तुकड्यांची त्यांनी माझ्यासाठी झूल शिवली. चारी बाजूंनी घट्ट, खालपर्यंत. वर झाकणापुरती चीर ठेवून तिला नाड्या लावल्या. काचेवर धूळ बसू नये म्हणून खिडकीवर एक पट्टी शिवली. कोपऱ्यांवर लाल त्रिकोण लावले.

सुंदर होती ती. खोटं बोलणार नाही. ऑफिसात सगळ्या बघायला आल्या, एकीने तर आपल्या शिलाईमशीनसाठी तशीच शिवून मिळेल का विचारलं. फोटो काढले गेले. आणि त्या फोटोंत हसऱ्या चेहऱ्यांच्या मधोमध मी गुदमरत होतो. दोन्ही जाळ्या बंद. आत घ्यायला हवा नाही, बाहेर टाकायला वाट नाही. मी उष्णता उचलायचो आणि ती गोधडीत अडकून परत माझ्याच अंगात यायची. शेवटी आतलं यंत्र इतकं तापायचं की जीव वाचवायला ते बंद पडायचं. जरा निवलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. खिडकीत आकडा चढत होता. सात. अकरा. पंधरा. मी ओरडत होतो, मित्रांनो, मला जसं ओरडता येतं तसा. वर पट्टी शिवलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्यातच उन्हाळा लागला. बाटल्या पूर्वीसारख्या गार लागत नाहीत असं अक्षता एकदोनदा म्हणाली. सुगत म्हणाला, एसीतून गाडीत आलीस की सगळं तसंच लागतं. मग एका संध्याकाळी मैत्रीने बाटली तोंडात घेतली आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी प्यायली, पण ओकून टाकलं. मग तिचं पोट बिघडलं. एरवी पाय हलवणारं ते पोर हातपाय टाकून निपचित पडलं. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दूध कशात ठेवता? सुगत म्हणाला, फ्रिजमध्ये. डॉक्टर म्हणाले, मग ठीक आहे. मी तेव्हा त्यांच्या पार्किंगमध्ये गाडीत होतो, हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. फ्रिजमध्ये म्हटलं की संपलं का? फ्रिज कसा आहे, कशात गुंडाळलाय, पोटात किती आकडा आहे, एक प्रश्न पुढे विचारला असता तर काय बिघडलं असतं?

रविवारी सुगतने माझी तपासणी मांडली. कामावर रोज सुटे भाग तपासणारा माणूस, त्याला त्याचा अभिमान. हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्याने मला वर ठेवलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल? गोधडी काढली. नीट घडी घालून आईच्या हातात दिली, मळायला नको म्हणून.

हे ऐकून तुम्हांला हसू येत असेल तर हसा. मला नाही आलं.

मग त्याने प्लग बघितला, फ्यूज बघितला, झाकणाचं रबर ओल्या फडक्याने पुसून त्यात कागदाची पट्टी अडकते का ते ओढून बघितलं. अडकत होती, म्हणजे रबर घट्ट होतं. गाडीत मी लवकर थांबू नये म्हणून बॅटरीची सोय खालच्या पायरीवर आणली. आकडा शून्याच्या खाली लावून पोटात पाण्याची वाटी ठेवली. शेवटी बाळाचा ताप बघायचं थर्मामीटरसुद्धा आत ठेवून बघितलं. त्यात नुसतं 'लो' आलं. तापाचं यंत्र ते, त्याला गारवा काय मोजता येणार, पण सुगतला तो पुरावाच वाटला. मी तर मोकळा झालो होतो. दोन्ही कुशींनी पोटभर हवा घेत होतो. दुपारपर्यंत वाटीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली.

सुगत म्हणाला, "फ्रिज ओके आहे. शंभर टक्के."

अक्षता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने विचारलं, "मग?"

सुगत वर्तमानपत्राची घडी घालायला लागला. तेव्हाच मला कळलं की माझी सुटका झाली आणि आता हे माझ्यावरचं खापर दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर फोडणार. राजाबाई तिथे बसलेल्याच होत्या. राजाबाई तळमजल्यावरच्या, साताऱ्याकडच्या, मनाने वाईट नाहीत, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या गिरजाबाईंना म्हणाल्या, "मशीन चांगलं हाय म्हंजे आईच्याच दुदात कस न्हाई. आमच्याकडं बी एका सुनंचं आसंच झालं हुतं."

आणि गिरजाबाई उठल्या. त्यांनी मला गोधडी घातली, नाड्या बांधल्या आणि गाठ नीट बसली का ते ओढून बघितलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तुम्ही शाळेत शिकता. मला ती अंगावर शिकायला मिळाली. सगळ्यात जास्त राग मला कशाचा येतो सांगू? मला तपासायचं म्हणून आधी मोकळं केलं, पाणी ठेवलं, दुपारपर्यंत वाट बघितली. अक्षताला तपासायला कुणी काही केलं नाही. एक वाक्य बोललं आणि निकाल लागला. मी लोखंड आणि प्लास्टिकचा डबा. मला जो न्याय मिळाला तो त्या घरातल्या माणसाला मिळाला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवतानाही कुशीत गरम होतं. कुणी शतावरी आणून दिली, कुणी वाटाणे-वाल बंद करायला सांगितले, कुणी म्हणे नोकरीच्या दगदगीचं दूध बाळाला लागतच नाही. अक्षता सगळं ऐकत होती, सगळं करत होती. जेवण कमी झालं, झोप गेली, आणि मग दूध खरोखरच कमी झालं. म्हणजे राजाबाईंचं म्हणणं खरं ठरायला लागलं. रोज मी तिच्या पायाशी गोधडीत उकडत होतो आणि रोज तिने कष्टाने काढलेलं दूध माझ्या पोटात आंबत होतं.

एका संध्याकाळी घरी आल्यावर तिने बाटली उघडून वास घेतला. सिंकमध्ये ओतली. दुसरी उघडली, वास न घेताच ओतली. नळ सोडला आणि पांढरं जाईपर्यंत सोडून ठेवला. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्याच्या शेवटी गाडीत ती सुगतला म्हणाली की सोमवारी मी राजीनामा देते. मी मागच्या सीटवर होतो. सुगत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. तुला बरं वाटेल ते कर." चांगला माणूस आहे तो, आवाज कधी चढवत नाही. पण त्या वेळी त्याने गाडी बाजूला घेऊन एकदा मागे हात घातला असता, माझ्या कुशीला लावला असता, तर सारं तिथेच उमजलं असतं. ते न करता तो गोड बोलला. गोड बोलणाऱ्यांवर रागावायचं कसं तेही कळत नाही.

शनिवारी दुपारी सोसायटीची वीज गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता. पंखे थांबले, लिफ्ट थांबली, घरातला मोठा फ्रिज थांबला. सकाळी काढलेल्या दुधाची बाटली सुगतने माझ्यात ठेवली आणि दुसऱ्या सहलीसाठी घेतलेल्या बॅटरीच्या पेटीला मला जोडलं. मग वीज कधी येणार ते विचारायला तो आणि अक्षता जिने उतरून खाली गेले. खोलीत राहिलो आम्ही तिघं. गिरजाबाई, मैत्री आणि मी. मैत्रीला वारा लागू नये म्हणून गोधडीत लपेटलेलं, मला धूळ लागू नये म्हणून गोधडीत लपेटलेलं. एकाच लुगड्याचे तुकडे दोघांवर.

मैत्री रडायला लागली. आधी कुरकुर, मग किंचाळणं. गिरजाबाईंनी मांडीवर घेतलं, थोपटलं, गोधडी आणखी घट्ट केली. रडणं वाढलं. तेव्हा त्यांनी गोधडीत हात घातला आणि तो तसाच राहिला. पोर घामाने निथळत होतं, पाठीवर लालबुंद पुरळ उठलं होतं. त्यांनी झटकन गोधडी सोडली, पोरीला सतरंजीवर उघडं ठेवलं आणि पदराने वारा घालायला लागल्या. थोड्या वेळाने मैत्री निवली. हुंदके देत हातपाय पसरून पडली.

तिला भूक लागली असेल म्हणून गिरजाबाई माझ्याकडे वळल्या. गुडघ्यावर बसून नाडी सोडायला लागल्या. तोल सांभाळायला एक हात माझ्या कुशीवर टेकला. गोधडीवरून.

तो हात त्यांनी उचलला नाही.

दुसरा हात त्यांनी मैत्रीच्या पाठीला लावला. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. नाड्या सोडल्या, पट्टी उचलली, पुढून ओढलं, मागून ओढलं आणि स्वतः शिवलेली ती झूल माझ्या अंगावरून पार उतरवली. जाळीपुढे तळहात धरला. मी आत कोंडलेला सगळा वाफारा त्या तळहातावर सोडला. त्यांनी हात मागे घेतला, परत धरला.

"नाकच दाबलं की रं तुजं," त्या म्हणाल्या.

खिडकीत एकोणीसचा आकडा होता. पूर्वी तिथे चार असायचे हे त्यांना आठवत होतं. बाटली त्यांनी काढून बाजूला ठेवली, मैत्रीला ती दिली नाही. मग एक पुठ्ठा घेतला आणि मैत्रीच्या आणि माझ्या मध्ये बसून दोघांना वारा घालत राहिल्या. आकडा उतरताना बघत होत्या. अठरा झाले. सतरा झाले. माझं यंत्र न थांबता चालत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझा राग तेव्हाही गेला नाही, पण कुणावर ठेवायचा ते कळेना.

अक्षता आणि सुगत जिने चढून घामाघूम होऊन आले तेव्हा आकडा सहावर होता. गिरजाबाई उठल्या नाहीत. बसूनच म्हणाल्या, "अक्षता, बाय, तुजं दूध नाय नासलं. मी नासवलं."

अक्षताला कळेना. त्यांनी तिचा हात धरून जाळीपुढे नेला. मग गोधडी दाखवली, जाळीच्या जागेवर कापड आतून कसं करपल्यासारखं पिवळं पडलंय ते दाखवलं. अक्षता तिथेच फरशीवर बसली. ती खिडकीतल्या आकड्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, मी रोज उचलत होते ह्याला. एकदा पण पट्टी वर करून बघितलं नाही."

"तू कशाला? शिवलं मी," गिरजाबाई म्हणाल्या.

सुगत गोधडीकडे बघत होता. तपासणीच्या दिवशी तिची घडी त्यानेच घातली होती.

संध्याकाळी वीज आली. अक्षताने दूध काढलं, आता ते थोडंच निघत होतं, आणि बाटली माझ्यात ठेवली. सकाळपर्यंत खिडकीत चारच होते, मी एकाचाही फरक पडू दिला नाही. रविवारी दुपारी राजाबाई पातेलं परत द्यायला आल्या आणि नेहमीसारख्या टेकल्या. गिरजाबाईंनी माझं झाकण उघडलं, बाटली काढली, हलवली. सगळे बघत होते. त्यांनी सुनेच्या दुधाचा एक थेंब आपल्या तळहातावर घेतला आणि जिभेला लावला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. मग बाटली राजाबाईंच्या पुढे धरली. "घे. तू पन चाख. मंग बोल कुनाच्या दुदात कस नाय ते."

राजाबाईंना गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवलं आणि त्या उठून गेल्या. पातेलं घेऊनच गेल्या. अक्षता तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. कितीतरी दिवसांनी ती रडत होती. मैत्रीने ती बाटली घेतली, दोन्ही मुठी आवळल्या, आणि तिचे पाय हलायला लागले.

सोमवारी अक्षता मला घेऊन ऐरोलीला गेली. राजीनाम्याचं तिने पुन्हा कधी काढलं नाही. दूध पहिल्याएवढं व्हायला बरेच दिवस लागले, आणि काही दिवस वरच्या दुधाचा आधार घ्यावाच लागला. गेलं ते सगळंच परत आलं असं मी म्हणणार नाही. गिरजाबाईंनी माझी झूल उसवली. ते तुकडे त्यांनी मैत्रीच्या गोधडीला खालून जोडले, पोरगी लांबीला वाढतेय म्हणून. ती गोधडी आता फक्त थंडीत निघते. मैत्री चालायला लागली आहे आणि येताजाता माझ्या जाळीपुढे तोंड धरून त्या गरम वाऱ्यात डोळे मिचकावते. बाटल्यांचं काम संपलं, आता माझ्यात अक्षताचा दहीभात असतो.

आता इथे मी काळजी घ्या असं म्हणावं, अशी तुमची अपेक्षा असेल. नाही म्हणणार. माझी काळजी फार घेतली गेली, तिनेच मी मरत होतो. तुमच्या घरचा फ्रिज गार करेनासा झाला, तर त्याच्या भोवती जागा मोकळी आहे का बघा, अंगावर काही पांघरलंय का बघा, गरम वस्तू आत कोंबू नका, आणि आकडा झाकू नका. आणि सगळ्यात आधी त्याच्या कुशीला हात लावा. एवढं सगळं करून होईपर्यंत, मित्रांनो, घरातल्या आईकडे बोट दाखवू नका. दाखवलंत तर माझ्याशी गाठ आहे.